जवळून बघणारा



आजचं वाचन गीतेच्या तेराव्या अध्यायातलं, श्लोक बाविसावा (काही प्रतींमध्ये तो तेविसावा येतो, गोंधळू नका). या देहात राहणाऱ्या त्या परम पुरुषाला भगवंतांनी तिथे एकामागून एक नावं दिली आहेत. त्यातल्या पहिल्याच नावावर मी गेले सात महिने अडकून बसलोय. उपद्रष्टा. पुढची नावं कितीही मोठी असली तरी माझं घोडं तिथून पुढे सरकत नाही. का, ते आज लिहितो. बरेच दिवस टाळत होतो.

तुमच्यापैकी काही जणांना आमचा सकाळचा ज्ञानेश्वरी वर्ग माहीत आहे. लॉकडाऊनमध्ये सुरू झाला आणि मग बंद करायला कोणाला जमलंच नाही. सकाळी साडेसहा ते सव्वासात, व्हिडिओ कॉलवर. पुणे, सांगली, नाशिक, एक ताई बेंगळुरूहून, एक काका बडोद्याहून. प्रत्येकाने दहा-बारा ओव्या वाचायच्या, बाकीच्यांनी म्यूटवर ऐकायचं. होस्ट मी, कारण सॉफ्टवेअरवाला म्हटलं की हे काम आपोआप गळ्यात पडतं. कोणाच्या मागे मिक्सर सुरू झाला, कुत्रा भुंकला, की त्याला म्यूट करायचं. दिवसभर ऑफिसच्या मीटिंगमध्येही मी हेच करतो, त्यामुळे हात बसलाय.

त्या दिवशी तेरावा अध्यायच चालू होता. अकराशेहून जास्त ओव्यांचा अध्याय, महिनाभर पुरतो. काकांच्या वाट्याला अहिंसेचं वर्णन आलं होतं. अहिंसक माणूस पाऊल कसं टाकतो, बोलतो कसा, बघतो कसा, हे माउली तिथे किती हळुवारपणे सांगतात ते वाचलेल्यांना आठवेल. काकांचा आवाज खणखणीत. बडोद्याच्या जुन्या मराठी घरातले, बोलताना मधूनच गुजराती शब्द यायचा, पण ओवी वाचायला लागले की एक काना-मात्रा हलायची नाही.

मध्येच त्यांचे शब्द लडबडायला लागले. मला वाटलं नेट. मग एक ओळ त्यांनी दोनदा वाचली, आणि तिसऱ्यांदा अर्धवट सोडली. मग नुसता घरघरल्यासारखा आवाज. मी "काका, आवाज तुटतोय" असं चॅटवर टाकलं आणि त्यांना म्यूट केलं. पुढच्या ताईंना म्हणालो, "तुम्ही सुरू करा, काका नंतर जॉइन होतील."

ताईंनी वाचायला सुरुवात केली. काका चौकोनात दिसत होते, ओठ हलत होते. आम्ही अकरा जण त्यांना बघत होतो आणि मी त्यांचा आवाज बंद करून ठेवला होता.

सांगलीच्या एक ताई आहेत, बँकेत नोकरी करतात, वर्गात फारशा कधी बोलत नाहीत. त्यांनी स्वतःला अनम्यूट केलं आणि चालू वाचनाच्या मध्येच म्हणाल्या, "थांबा. काकांचं तोंड बघा." त्यांच्या वडिलांना लकवा झालेला, त्यांना ते एका नजरेत कळलं. काकांच्या तोंडाची उजवी बाजू ओघळली होती. उजवा हात पोथीवरून घसरून मांडीवर पडला होता. डाव्या हाताने ते चष्मा शोधत होते, आणि चष्मा डोळ्यांवरच होता.

पुढची अर्धी-पाऊण घटका कशी गेली ते थोडं तपशिलात सांगतो. हे तुमच्यापैकी कोणावरही येऊ शकतं, आणि त्या वेळी डोकं चालत नाही.

काकांना अनम्यूट केलं. ताई त्यांच्याशी सावकाश बोलत राहिल्या. त्यांनी पाण्याच्या तांब्याकडे हात नेला तेव्हा ताई जवळजवळ ओरडल्या, "काका, पाणी नको, अजिबात नको." स्ट्रोकमध्ये गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. हे मला माहीत नव्हतं. आपण तर कोणालाही काहीही झालं की आधी पाणीच पुढे करतो.

मी १०८ लावला, पुण्यातून. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "पेशंट कोणत्या जिल्ह्यात?" बडोदा म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि एवढ्या वर्षांत मी याचा कधी विचारच केला नव्हता. १०८ काय, ११२ काय, हे नंबर तुम्ही जिथे उभे आहात तिथल्या केंद्राला लागतात. ज्याच्यासाठी लावताय तो कुठे आहे हे त्या फोनला कळत नाही. मी रोज नेटवर्कवर काम करतो. रिक्वेस्ट कुठून कुठे जाते हे लोकांना समजावून सांगायचा मला पगार मिळतो. आणि हे साधं राउटिंग माझ्या डोक्यात नव्हतं. शेवटी नाशिकच्या मुलाने सुरतेतल्या आपल्या मामेभावाला झोपेतून उठवलं आणि त्याला तिथून १०८ लावायला सांगितलं. गुजरातचं १०८ केंद्र राज्यभराचे फोन घेतं, म्हणून सुरतेहून लावूनही बडोद्याची गाडी निघाली.

निघाली, पण कुठे जाणार? पत्ता कोणाकडे होता?

दोन वर्षं आम्ही रोज सकाळी या माणसाला बघत होतो. त्यांना कुठल्या ओवीवर गहिवरून येतं हे माहीत होतं. मागच्या भिंतीवर पंढरपूरच्या विठोबाचा फोटो आहे, त्याला हार कोणत्या फुलांचा असतो हे माहीत होतं. मुलगी कॅनडात असते हेही. घर नंबर माहीत नव्हता, सोसायटीचं नावही नाही. बेंगळुरूच्या ताईंनी त्यांना एकदा कुरियरने मोठ्या अक्षरांची पोथी पाठवली होती. त्यांनी व्हॉट्सअॅप मागे-मागे सरकवत तो मेसेज शोधला, त्यात पत्ता सापडला. मग मी नकाशावर त्या कोपऱ्यावरचं एक फरसाणाचं दुकान शोधून तिथला नंबर लावला. सकाळी सातला फाफडा तळणाऱ्या त्या माणसाने माझं मोडकं हिंदी ऐकून घेतलं, एक शब्दही उलट न विचारता पोराला सोसायटीत पळवलं. शेजाऱ्यांकडे किल्ली होती, काका गावाला गेले की झाडांना पाणी घालायला म्हणून दिलेली. दार उघडलं तेव्हा आम्ही ते कॉलवर पाहिलं. कोणीतरी माणूस, खरोखरचा, हाडामांसाचा, चौकोनात शिरला आणि त्याने काकांच्या पाठीला हात लावला. मी तेव्हा रडलो हे कबूल करतो.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी शेजाऱ्यांना विचारलं, "शेवटचे नीट कधी बोलत होते?" शेजाऱ्यांना काय माहीत? पण ते आम्हाला माहीत होतं. कारण वर्गात कोण कुठल्या ओवीपासून वाचतोय हे आम्ही चॅटवर टाकतो, आणि चॅटला वेळ असते. ६:४७ ला काकांनी सुरुवात केली, तेव्हा आवाज स्वच्छ होता. ६:५१ च्या आसपास पहिल्यांदा अडखळले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना हे बघतात. सुरुवात कधी झाली हे सांगणारं कोणी नसेल, रात्री झोपेत झालं असेल, तर तो हिशेब अवघड होऊन बसतो. आमच्याकडे मिनिट होतं. इंजेक्शन मिळालं.

काका आज आहेत. बोलणं हळू झालंय, उजवा हात अजून पूर्ण साथ देत नाही.

हे ऐकल्यावर सगळे म्हणतात, "बघ, देवाने तुम्हाला त्या वेळी तिथे बसवलं होतं." मीही काही दिवस असंच म्हणत होतो. मग एका रविवारी त्या दिवसाचं रेकॉर्डिंग उघडलं. चुकलेल्यांसाठी आम्ही रेकॉर्ड करून ठेवतो. ६:५१ ला पहिला लडबडलेला शब्द. ६:५३ ला मी म्यूट केलं. सांगलीच्या ताई बोलल्या ६:५६ ला. म्हणजे पाच मिनिटं, आणि त्यातली तीन मी स्वतः पुरवलेल्या शांततेची. रेकॉर्डिंगमध्ये माझाही चेहरा आहे. मी स्क्रीनकडे बघतोय. मी काकांकडेच बघतोय. आणि मला काही दिसत नाहीये.

आता उपद्रष्टा.

आपल्या पिढीला "साक्षीभाव" हा शब्द फार आवडतो. ध्यानाच्या अॅपपासून रील्सपर्यंत सगळीकडे आहे. विचारांकडे साक्षीभावाने बघा, दुःखाकडे साक्षीभावाने बघा. मीही या ब्लॉगवर हे चार-पाच वेळा लिहिलंय. त्यात चूक काही नाही. पण हळूहळू त्याचा अर्थ माझ्या मनात असा झाला होता की साक्षी म्हणजे काचेच्या पलीकडचा. त्याला काही लागत नाही, काही करावं लागत नाही. स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला हा अर्थ फारच सोयीचा पडतो.

गीतेत तिथे नुसतं द्रष्टा म्हटलेलं नाही, आधी "उप" लावलाय. उप म्हणजे जवळ. उपनयनातला उप, उपासनेतला उप. जवळून बघणारा. शंकराचार्यांनी भाष्यात या शब्दासाठी यज्ञाचं उदाहरण दिलंय. ऋत्विज आणि यजमान आपापल्या कामात गुंतलेले आहेत. जवळच आणखी एक जण बसलाय, जो स्वतः काही करत नाही, पण यज्ञविद्येत तरबेज आहे आणि त्यांच्या कामातले गुणदोष बघतोय. तसा आत्मा, असं ते म्हणतात.

हे उदाहरण वाचलं आणि मला यज्ञातला ब्रह्मा आठवला. ब्रह्मा नावाचा एक ऋत्विज असतो. होता मंत्र म्हणतो, अध्वर्यू आहुती देतो, उद्गाता गातो, आणि हा बहुतेक वेळ गप्प बसलेला असतो. बाहेरच्याला वाटावं की याला दक्षिणा कशाची देतात? पण कुठे चूक झाली, क्रम हुकला, तर ती ओळखून प्रायश्चित्ताने दुरुस्त करायचं काम त्याचं. त्याचं गप्प बसणं हे लक्ष ठेवण्यासाठी असतं. ज्याला चूक दिसते आणि तरी जो गप्प राहतो, तो ब्रह्मा काय कामाचा?

तुमच्यातला एखादा अभ्यासू म्हणेल की दादा, इथे गल्लत होतेय. आत्मा अकर्ता आहे, श्लोकातला उपद्रष्टा धावत जाऊन अॅम्ब्युलन्स बोलावत नाही. मान्य. भाष्यातला तो जवळ बसलेला माणूसही तटस्थच आहे. पण त्याच श्लोकात उपद्रष्ट्याच्या मागोमाग अनुमंता येतो, संमती देणारा, आणि लगेच भर्ता, म्हणजे सांभाळणारा, पोसणारा. बघणं तिथे एकटं ठेवलेलं नाही. आणि दुसरं असं की आत्म्याचा अकर्तेपणा मी माझ्या हाताला लावायचा नसतो. मी अजून तिथे पोचलेलो नाही. माझ्या हाताला म्यूटचं बटण दाबता येत होतं, म्हणजे तो अकर्ता नव्हताच.

या निमित्ताने मला संजयही नव्याने दिसला. दिव्यदृष्टी मिळालेला संजय म्हणजे पहिला लाइव्ह टेलिकास्ट, असा विनोद आपण शाळेपासून ऐकतोय. पण भीष्मपर्व उघडून बघा. गीता सांगायच्या आधी संजय रणांगणावरून धृतराष्ट्राकडे धावत येतो, भीष्म पडले हे सांगायला. म्हणजे तेव्हा युद्धाचे दहा दिवस होऊन गेलेत. तो काही राजवाड्यात आरामात बसून बघत नव्हता. पुढे शल्यपर्वात सात्यकी त्याला पकडतो, मारायलाच निघालेला असतो, तेव्हा व्यास येऊन सोडवतात. त्याला दिसत होतं आणि तो तिथे होताही. युद्ध थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. जे दिसलं ते, समोरच्याला नको असलं तरी, नीट, क्रमाने, न लपवता सांगणं एवढंच हातात होतं, आणि ते त्याने केलं. आमच्या ६:४७ आणि ६:५१ ला तेवढंच मोल होतं. लांबून बघणाऱ्याकडे द्यायला कधीकधी फक्त अचूक साक्ष असते.

मग आम्ही अकरा जण पाच मिनिटं काय करत होतो? मी एकेकाला नंतर विचारलं. सात जणांना काहीतरी बिघडलंय असं वाटलं होतं. सात! "होस्ट बघतोय ना", "वाचन चालू होतं, मध्येच कसं बोलायचं", "मला वाटलं मलाच तसं दिसतंय". जॉन डार्ली आणि बिब लताने या दोघांचा १९६८ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवरून बोलायला लावलं, आणि मध्येच एकाला फिट आल्यासारखा आवाज ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के फिट संपायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चार जण ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के. वेगवेगळ्या खोल्या, मधून फक्त आवाज. पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी आमचा झूम कॉलच मांडून ठेवला होता म्हणा ना. आणि त्यांनी हेही नोंदवलंय की जे उठले नाहीत ते बेफिकीर नव्हते. त्यांचे हात थरथरत होते. मला हे वाचून बरं वाटावं की वाईट, ते ठरवता आलेलं नाही.

"मध्येच कसं बोलायचं" यावर मात्र माझ्याकडे एक उत्तर आहे, ते वनपर्वातलं. पांडव वनात असताना श्रीकृष्ण भेटायला येतात आणि सांगतात की द्यूत झालं तेव्हा मी द्वारकेत नव्हतो, शाल्वाशी लढत होतो. असतो तर कौरवांनी बोलावलं नसतं तरी आलो असतो आणि तो खेळ थांबवला असता. न बोलावता. द्रौपदीला वस्त्रं पुरवणाऱ्या कृष्णाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि ती मला प्रिय आहे. पण या दुसऱ्या कृष्णाचं, जो म्हणतो की मी लांब होतो आणि म्हणून हे घडलं, त्याचं मला अलीकडे जास्त जवळचं वाटतं. सांगलीच्या ताईंना कोणी बोलावलं नव्हतं. पारायण मोडल्याचं पाप लागेल का, असं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी फोन करून खरंच विचारलं. मी काय बोलणार? पोथी त्या दिवशी त्यांनीच वाचली, बाकी आम्ही अक्षरं वाचत होतो.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला अजून सुटलेली नाही. काका घरी आल्यावर मी त्यांना भेटायला बडोद्याला गेलो. म्यूटचं सांगून टाकलं. त्यावर ते हसले, हात हलवला, "जाऊ दे रे." पण मग बराच वेळ शब्द जुळवत म्हणाले, "तुम्ही... कॅमेरा... बंद करायचा होतास." अकरा माणसांनी त्यांना तोंडातून लाळ गळताना पाहिलं, याची त्यांना लाज वाटत होती. मला हे सुचलंच नव्हतं. खरं तर अकरा जणांची गरज नव्हती. ताई, पत्ता शोधणारी एक, फोन करणारे दोघं, एवढे पुरे होते. बाकीच्यांना मी कॉल सोडायला सांगायला हवं होतं. ते काळजीने थांबले, नामजप करत थांबले, तरीही. जवळून बघण्याचा अधिकार सगळ्यांना नसतो. माउलींचा अहिंसक माणूस बघतानासुद्धा जपून बघतो, हे आम्ही त्याच सकाळी वाचत होतो. रेकॉर्डिंग मी घरी येऊन काढून टाकलं.

वर्गात आता आम्ही सगळ्यांचे पत्ते घेतो. यावरही वाद झाला. एकटी राहणारी एक मुलगी म्हणाली, माझा पत्ता बारा जणांच्या ग्रुपवर मी देणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. मग असं ठरलं की पत्ता ग्रुपवर टाकायचाच नाही. प्रत्येकाने आपल्या मर्जीच्या दोघांना द्यायचा, सोबत घराजवळच्या एका माणसाचा नंबर, शक्यतो ज्याच्याकडे किल्ली आहे असा. तुमच्यातले जे रोज परदेशातल्या टीमबरोबर कॉलवर असतात त्यांनीही हे करा. अमेरिकेतला सहकारी कॅमेऱ्यासमोर कोसळला तर पुण्यातून ९११ फिरवून तिथलं केंद्र लागत नाही. त्याच्या गावच्या पोलिसांचा पूर्ण दहा आकडी नंबर देशाच्या कोडसकट हवा, किंवा तिथल्याच दुसऱ्या सहकाऱ्याला उठवायला हवं. आणि कॉल तोडू नका. तुमचा डोळा तिथे असलेला तोच एक असतो.

काका गेल्या महिन्यापासून परत वर्गात येतात. चार ओव्या वाचायला त्यांना अकरा मिनिटं लागतात, सव्वासातचं साडेसात होतं, ऑफिसला उशीर होतो. त्यांचा शब्द अडला की माझं बोट अजूनही आपोआप माउसकडे जातं. मग मी हात मांडीखाली घालून बसतो, शाळेतल्या पोरासारखा.

उद्या याच अध्यायातला पुढचा श्लोक घेऊ. वर्गातल्या ज्या तिघांनी अजून किल्लीवाल्या शेजाऱ्याचा नंबर दिलेला नाही, त्यांनी आज रात्री झोपायच्या आधी तो द्यावा. मी नावं घेत नाही, तुम्हाला माहीत आहे.

राम कृष्ण हरी.